महागाई उतरली, भाव नाही उतरले

महागाईचा दर खाली आल्याची बातमी लागली की आमच्या घरात हमखास एकच प्रश्न उमटतो: "कुठे?" हा प्रश्न आईचा. तिच्यासमोर महिन्याच्या हिशेबाची वही उघडी असते आणि त्या वहीतला एकही आकडा खाली आलेला नसतो. मग बाबा म्हणतात, भाजीवर फार खर्च होतोय. तिथून पुढे जे सुरू होतं ते जेवण संपेपर्यंत चालतं.

बरीच वर्षं मला वाटायचं की वही आणि बातमी यांतलं एक काहीतरी चुकतंय. एकतर आकडे सजवलेले असणार, नाहीतर आईला उगाच जास्त वाटत असणार. शेवटी हे आकडे तयार कसे होतात ते नीट बसून वाचलं. तेव्हा कळलं की वही एका प्रश्नाचं उत्तर देते आणि बातमी भलत्याच. दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात.

पहिला घोळ शब्दाचाच आहे. घरात आपण 'महागाई' म्हणतो ते 'भाव चढे आहेत' या अर्थाने. बातमीतली महागाई म्हणजे भाव नव्हेत, तर गेल्या वर्षभरात भाव किती टक्क्यांनी चढले, तो वेग. जिना चढणारा माणूस दमून हळूहळू चढायला लागला तर तो खाली आला असं कुणी म्हणत नाही. महागाईच्या बाबतीत मात्र बातम्यांचे मथळे सर्रास तसं म्हणतात.

ब्रिटनचं उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथला महागाईचा दर ११.१ टक्क्यांवर गेला होता. वर्षभराने, ऑक्टोबर २०२३ मध्ये, तो ४.६ टक्क्यांवर आला. निम्म्याहून कमी! आता हेच घरातल्या माणसाच्या बाजूने मोजा. २०२१ च्या ऑक्टोबरात जे सामान १०० ला मिळत होतं, ते २०२२ मध्ये १११.१० ला झालं. त्यावर आणखी ४.६ टक्के चढले, म्हणजे २०२३ मध्ये ११६.२०. दर कोसळला तरी त्याच सामानाला १६ जास्तच मोजावे लागले. दोन वर्षांत ज्याचा पगार १६ टक्क्यांनी वाढला नाही, तो 'महागाई निम्म्यावर' या मथळ्याकडे कोणत्या नजरेने बघेल?

मग भाव परत खाली का येत नाहीत? किंवा, खाली यावेत असं निदान कुणी ठरवत का नाही? कारण सगळेच भाव एकदम खाली येणं हे ऐकायला जितकं गोड वाटतं तितकं निघत नाही. एखादी वस्तू स्वस्त होणं वेगळं. सगळंच स्वस्त व्हायला लागलं की विकणाऱ्याची कमाई घटते आणि पाठोपाठ पगार गोठतात किंवा माणसं कमी होतात. कर्ज मात्र तेवढंच राहतं. १९२९ ते १९३३ या काळात अमेरिकेत भाव सुमारे एक चतुर्थांशाने घसरले. ही घसरण कर्जदाराला कशी पिळते ते अर्थतज्ज्ञ अर्व्हिंग फिशर यांनी १९३३ साली उलगडून दाखवलं. शंभर तास राबून फिटेल एवढं कर्ज तुम्ही घेतलंत आणि मग मजुरी पाव हिश्शाने उतरली, तर तेच कर्ज फेडायला १३३ तास राबावं लागतं. कर्जाच्या कागदावरचा आकडा तोच, पण घामाच्या हिशेबात कर्ज एक तृतीयांशाने वाढलं. जपानने नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून अनेक वर्षं भावांची संथ घसरण सोसली. पगारही त्याच चिखलात रुतून बसले होते.

म्हणून मध्यवर्ती बँका (जशी आपल्याकडे रिझर्व्ह बँक) भाव खाली आणायच्या नव्हे, तर हळू चढू द्यायच्या मागे असतात. किती हळू, हे आधीच जाहीर करण्याची पद्धत १९९० साली न्यूझीलंडने सुरू केली. अमेरिकेने २०१२ मध्ये २ टक्क्यांचं लक्ष्य अधिकृतपणे सांगितलं, भारताने २०१६ मध्ये ४ टक्क्यांचं ठरवलं. म्हणजे सगळं अगदी ठरल्याप्रमाणे झालं तरी भाव चढणारच आहेत. आईच्या वहीतला आकडा खाली येणं हे कुणाच्याच योजनेत नाही. हे एवढं सरळ कुणी सांगत नाही, त्याची मला गंमत वाटते.

आता दुसरी गोष्ट: हा दर नक्की कुणाच्या घराचा?

त्यासाठी एक काल्पनिक टोपली भरतात. धान्य, भाडं, औषधं, प्रवास, कपडे, फोन, केस कापणं, सगळं तिच्यात येतं. लोकांच्या खर्चाची पाहणी करून प्रत्येक गोष्टीला वजन देतात आणि तीच टोपली आजच्या भावात कितीला पडते ते पाहतात. जुनी टोपली धरून नवे भाव लावायची ही रीत एतियेन लास्पेर या जर्मन अर्थतज्ज्ञाने १८७१ साली मांडली. आजचे ग्राहक किंमत निर्देशांक, म्हणजे ज्यांवरून बातमीतला महागाईचा दर काढतात ते आकडे, थोड्याफार फरकाने तिच्याच वळणाचे आहेत.

टोपली सरासरी घराची असते, आणि तसं घर शोधायला गेलं तर सापडत नाही. लास्पेरच्याही आधी, १८५७ साली, एर्न्स्ट एंगेल या संख्याशास्त्रज्ञाने (मार्क्सचा मित्र तो एंगल्स, हा वेगळा) बेल्जियममधल्या कुटुंबांचे जमाखर्च तपासून एक साधी गोष्ट दाखवली होती. घर जितकं गरीब, तितका त्याच्या खर्चातला खाण्याचा वाटा मोठा. या एका गोष्टीने आकडे कसे फाटतात ते बघा. एका घराचा निम्मा खर्च खाण्यावर जातो. दुसऱ्या, सुस्थितीतल्या घराचा फक्त १५ टक्के. वर्षभरात खाण्याच्या वस्तू २० टक्क्यांनी महागल्या, बाकी सगळं २ टक्क्यांनी. पहिल्या घराची महागाई ११ टक्के झाली. दुसऱ्याची ४.७. आणि टोपलीत खाण्याचं वजन ३० टक्के धरलेलं असेल, तर बातमीत येणारा आकडा ७.४. तिन्ही आकडे खरे आहेत. पहिल्या घरातला माणूस '७.४' ऐकून चिडला तर तो अडाणी ठरत नाही. त्याच्या घराचा आकडा कुणी मोजलेलाच नाही, एवढंच.

यात एक बारीक मेख आहे. टोपलीतली वजनं सहसा सगळ्यांचा खर्च एकत्र करून काढतात. त्यामुळे जो जास्त खर्च करतो, त्याच्या सवयींचा ठसा टोपलीवर जास्त उमटतो. निवडणुकीत माणशी एक मत असतं, इथे पैशागणिक मत आहे.

आणखी एक तक्रार नेहमी ऐकू येते: पुडा तोच, किंमत तीच, आत माल कमी. हे निर्देशांकात येत नाही असा अनेकांचा समज आहे. बऱ्याच देशांत ते येतं. वजन घटलं की ती भाववाढच धरली जाते. उलट्या दिशेने मात्र आपल्या हाती काही लागत नाही. नवा फोन जुन्याच किमतीला आला आणि त्याचा कॅमेरा सुधारलेला असला, तर काही देशांच्या हिशेबात तो 'स्वस्त झाला' असं धरतात. तर्क चुकीचा नाही. पण सुधारलेल्या कॅमेऱ्याने महिनाअखेरीची ओढाताण कमी होत नाही.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हे लिहायला बसलो, त्याकडे येतो. कर्ज.

घरकर्जाचं व्याज बऱ्याच देशांच्या मुख्य निर्देशांकात धरतच नाहीत. अमेरिकेने १९८३ साली आपल्या निर्देशांकातून घराची किंमत आणि कर्जाचं व्याज काढलं आणि त्याजागी 'हेच घर भाड्याने घेतलं असतं तर किती भाडं पडलं असतं' हा अंदाज घातला. ब्रिटनच्या मुख्य निर्देशांकातही घरकर्जाचं व्याज नाही. यामागे कारणं आहेत. घर ही गुंतवणूक धरली जाते, रोजचा खर्च नव्हे. शिवाय महागाई आवरायला मध्यवर्ती बँक व्याजदर वाढवते. व्याजच टोपलीत असेल तर औषधानेच तापाचा आकडा चढायचा.

पण ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याचं काय? महागाई उतरवण्यासाठी व्याज चढवलं जातं, भाववाढीचा वेग मंदावतो, बातमी येते, आणि नेमक्या त्याच महिन्यात त्याचा हप्ता वाढलेला असतो. बातमीतली टोपली आणि त्याचं घर उलट्या दिशांना धावत असतात. २०२४ मध्ये अर्थतज्ज्ञ लॉरेन्स समर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेबाबत हाच मुद्दा मांडला: आकडे चांगले दिसत असूनही लोक उदास का, याचं बरंचसं उत्तर टोपलीत न धरलेल्या या व्याजात आहे.

हे किती मोठं असतं ते अंदाजाने कळत नाही, मांडूनच पाहावं लागतं. चलन कुठलंही धरा. एक लाखाचं कर्ज, २० वर्षांची मुदत. व्याज ३ टक्के असेल तर महिन्याचा हप्ता ५५५ च्या आसपास बसतो. व्याज ६ टक्के झालं की तोच ७१६. व्याज दुप्पट झालं, हप्ता दुप्पट झाला नाही, हे खरं. पण २९ टक्क्यांनी वाढला. एका झटक्यात. त्या ७१६ मधले पहिल्या महिन्यात ५०० निव्वळ व्याजात जातात, मुद्दलाला लागतात जेमतेम २१६.

पुष्कळदा मात्र हप्ता वाढतच नाही, आणि तिथेच माणूस गाफील राहतो. माझ्या एका मित्राचं कर्ज तरत्या व्याजदराचं. दर वाढत असल्याच्या बातम्या येत होत्या, तो धास्तावला होता. मग बँकेचं पत्र आलं. त्यात हप्ता तोच! त्याने मला आनंदाने फोन केला. पत्र तीन परिच्छेदांचं होतं आणि शेवटी एक छोटा तक्ता होता: जुना दर, नवा दर, हप्ता, उरलेले हप्ते. त्याची नजर तिसऱ्या रकान्यावर थांबली होती. चौथ्यात मुदत काही वर्षांनी लांबलेली होती. निवृत्तीच्या पलीकडे.

वरच्याच उदाहरणात हे किती ताणलं जातं बघा. ३ टक्क्यांना ५५५ चा हप्ता चालू झाला आणि लगेच दर ६ झाला, पण हप्ता तेवढाच ठेवला. ५५५ मधले ५०० व्याजात गेले, मुद्दलाला ५५ राहिले. २० वर्षांचं कर्ज फिटायला जवळपास ३९ वर्षं लागतील. आणि दर ७ टक्के झाला तर महिन्याचं व्याजच ५८३ होतं. म्हणजे हप्ता व्याजालाही पुरत नाही, तुम्ही नेमाने भरत राहता आणि कर्ज वाढत राहतं. हे टोकाचं उदाहरण आहे. बँका बहुधा त्याआधीच हप्ता वाढवतात, आणि बरीच वर्षं फेडून झालेल्या कर्जाला एवढा ताण बसत नाही. पण दिशा हीच. म्हणून दर बदलल्याचं पत्र आलं की आधी चौथा रकाना वाचावा. मुदत तीच ठेवून हप्ता वाढवून मिळतो का, हे बँकेला विचारावं. आणि दर उतरतात तेव्हा उलट करावं: हप्ता जुनाच चालू ठेवावा, म्हणजे मुदत आखडते. परवडत असेल तरच, हे सांगायला नको.

आता आईची बाजू थोडी कमजोर कुठे आहे तेही सांगतो, नाहीतर बाबा म्हणतील मी पक्षपात केला.

१ जानेवारी २००२ ला युरोपातल्या बारा देशांत युरोच्या नोटा आणि नाणी आली. जर्मनीत १.९५५८३ मार्कांना (मार्क हे तिथलं जुनं चलन) एक युरो असा पक्का दर होता. थोड्याच दिवसांत लोक म्हणायला लागले की सगळं महागलं, दुकानदारांनी मार्कांचेच आकडे युरोत लिहिले. 'टॉयर' म्हणजे महाग. त्यावरून युरोला 'टॉयरो' म्हणायला लागले आणि तो त्या देशात वर्षाचा शब्द ठरला. प्रत्यक्षात जर्मनीचा त्या वर्षीचा महागाईचा दर दीड टक्क्याच्या आसपास होता, आणि नोटाबदलामुळे युरो वापरणाऱ्या देशांत एकंदर भाव ०.१२ ते ०.२९ टक्क्यांच्या दरम्यानच वाढले, असा युरोपच्या सांख्यिकी कार्यालयाचा अंदाज होता.

लोक खोटं बोलत नव्हते. उपाहारगृहं, केस कापणं अशा किरकोळ पण रोजच्या गोष्टी खरोखरच चढल्या होत्या. भाडं, मोठ्या वस्तू जागच्या जागी होत्या. पण भाडं आपण महिन्यातून एकदा भरतो, कपाट दहा वर्षांतून एकदा घेतो. दूध रोज. आपलं मन महागाई मोजतं ते पाकीट किती वेळा उघडावं लागलं त्यावरून, किती पैसे गेले त्यावरून नव्हे. त्यात चढलेला भाव टोचतो, उतरलेला लक्षातही येत नाही. तोट्याची बोच तेवढ्याच नफ्याच्या आनंदाहून जास्त असते, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं होतं. आणि एक आणखी खोड आपल्याला असते: पगारवाढ झाली की ती आपल्या कष्टांची, भाव वाढले की ते सरकारचे. पगारवाढीतला काही भाग महागाईमुळेच मिळालेला असतो, हे सहसा कुणी मान्य करत नाही. मीही करत नाही.

तर आकडाही अर्धवट आणि मनही अर्धवट. यावर उपाय एकच, आणि तो कंटाळवाणा आहे: आपल्या घराचा दर आपण काढायचा. एक संध्याकाळ पुरते. गेल्या वर्षीचा आणि या वर्षीचा तोच महिना घ्यायचा. खर्चाचे सहा-सात मोठे गट करायचे, त्याहून जास्त नकोत. गेल्या वर्षीच्या खर्चात प्रत्येक गटाचा वाटा किती टक्के ते लिहायचं. मग प्रत्येक गटातला भाव किती टक्के वाढला ते. भाव म्हणतोय, खर्च नव्हे. पाहुणे आले म्हणून दूध जास्त आणलं, ती महागाई नाही. वाटा आणि वाढ यांचा गुणाकार करून शंभराने भागायचं आणि सगळ्या गटांची बेरीज करायची. वर्षातून एकदाच येणारे खर्च, म्हणजे विमा, फी, कर, बारा महिन्यांत वाटून घालायला विसरू नका. माझी पहिली बेरीज तिथेच चुकली होती.

घरकर्ज असेल तर हप्ता हाही एक गट धरा, निर्देशांक काहीही करो. बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली असेल, तर मुदत तीच राहिली असती तर हप्ता किती झाला असता तो आकडा घाला. खरी वाढ ती आहे, फक्त पुढच्या वर्षांवर ढकललेली.

आलेला आकडा हातात पडणाऱ्या पगाराच्या वाढीशेजारी ठेवला की खरी स्थिती कळते. बाजूला पडून असलेल्या पैशालाही तोच आकडा लावा. ७२ ला महागाईच्या दराने भागलं की किती वर्षांत पैशाची किंमत निम्मी होईल ते ढोबळमानाने निघतं. ६ टक्क्यांना बारा वर्षं, ८ टक्क्यांना नऊ.

आम्ही हे गेल्या वर्षी जेवणाच्या टेबलावर केलं. आई वही वाचत होती, बाबा कॅल्क्युलेटर चालवत होते, मी रकाने आखत होतो. घरभाडं: खर्चातला वाटा ३०, वाढ १० टक्के. किराणा, दूध, भाजी मिळून: वाटा २८, वाढ ४. धाकट्याची फी: वाटा १४, वाढ १२. विमा आणि औषधं: वाटा १०, वाढ २०. प्रवास, वीज आणि फोन यांची वाढ नगण्य. बेरीज ७.८ टक्क्यांवर गेली. माझा पगार ६ टक्क्यांनी वाढला होता. म्हणजे हातात पैसे जास्त येऊनही घर सुमारे २ टक्क्यांनी मागे गेलं होतं.

बाबांनी रकाने पुन्हा एकदा खालून वर वाचले. ७.८ मध्ये किराणा आणि भाजीचा वाटा जेमतेम १.१ होता. भाड्याचा ३, विमा आणि औषधांचा २. विम्याचं नूतनीकरण दरवर्षी बाबाच करतात, न वाचता सही करून, कारण अर्ज लांबलचक असतो. आईने वही मिटली आणि काही बोलली नाही. त्यानंतर आमच्याकडे भाजीवरून वाद झालेला नाही. आता विम्यावरून होतो.